हात न लावलेलं बाळंतपण

दिघीची मनुबाई थकली म्हणजे बसत नसे, टेकत असे. भिंत, दाराची चौकट, होडीची कड, जे जवळ असेल त्याला पाठ लावायची, डोळे मिटायचे आणि कुणी हाक मारली की पदर खोचून पुढं व्हायचं. मुरूडच्या बायकांच्या लहानशा इस्पितळात ती आया म्हणून लागली, तेव्हा तिथल्या झाडूवाल्या बायका म्हणायच्या, "मनुबायला खाट नको, एक खांब द्या." तीही हसायची, पण डोळे मिटूनच.

अशा ह्या बाईनं उभ्या जन्मात एकच हट्ट धरला: पास झालेली सुईण-नर्स व्हायचं. त्या हट्टाला लागणारं बळ तिच्या अंगात कुठून येई, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

येसाजीच्या घरात ती नवरी म्हणून गेली तेव्हा तिला न्हाणही आलेलं नव्हतं. वर्षं गेली, घरात पाळणा बांधायची वेळ आली नाही. देव झाले, अंगारे झाले, आणि शेवटी येसाजीनं दुसरी बायको केली. मनुबाईला कुणी घराबाहेर काढलं नाही. तेवढा वाईट माणूस नव्हता तो. फक्त घरात दोन चुली झाल्या आणि तिच्या चुलीकडं लाकूड येईनासं झालं. एक दिवस ती मुकाट्यानं भावाकडं, काळूरामाकडं, येऊन राहिली. भावजय आवडाबाई मनानं बरी, जिभेनं तिखट. "आमची नणंद म्हणजे पाहुणी," ती शेजारणींना सांगायची, "फक्त परत जायचं तेवढं विसरलीय." मनुबाई बोंबील वाळत घालता घालता ऐकायची आणि दांडीवरचा बोंबील सारखा करायची.

तिथून सुटायचं म्हणून ती खाडी ओलांडून मुरूडला गेली. एकोणीसशे वीसचं दशक सरत आलं होतं. इस्पितळात लादी पुसायची, बाळंतिणींचे कपडे धुवायचे, भांडी उचलायची. तिथल्या मुख्य नर्स एस्थरबाई नागावकर. मूळच्या नागावच्या, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या यहुदी. अंगानं किडकिडीत, आवाजानं खणखणीत. त्या वऱ्हांड्याच्या टोकाशी बोलल्या तर दुसऱ्या टोकाचं मूल दचकून गप्प होई. शनिवारी विस्तव पेटवायचा नाही, हा त्यांच्या धर्माचा नियम. म्हणून दर शनिवारी मनुबाई त्यांच्या खोलीत जाऊन चूल पेटवी आणि चहा करून देई. चहाच्या बदल्यात अक्षरं, असा सौदा ठरला. पोक्त वयात, केसांत रुपेरी तार दिसू लागली असताना, मनुबाई शाळेतल्या पोरींबरोबर चौथीच्या परीक्षेला बसली आणि दुसऱ्या खेपेला पास झाली.

"आता झालं ना, बाई?" ती म्हणाली.

"आता सुरू झालं," एस्थरबाई म्हणाल्या, आणि बोटं मोडत सुईण-नर्सच्या अटी सांगू लागल्या. चौथी झालीच पाहिजे. चालचलणूक चांगली असल्याचा दोन प्रतिष्ठितांचा दाखला पाहिजे. अंगावर पिणारं मूल नसलं पाहिजे.

"ही एक तरी अट देवानंच पुरी केलीय," मनुबाई म्हणाली.

"मध्ये बोलू नकोस. दीड वर्ष इस्पितळात राहून शिकायचं. मग वीस बाळंतपणं स्वतःच्या हातानं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. प्रत्येकाच्या नोंदीखाली माझी सही. आणि मग मुंबईहून परीक्षक येतील, त्यांच्यापुढं तोंडी परीक्षा."

एका शनिवारी एस्थरबाई इंग्रजी मासिक चाळत बसल्या होत्या. मनुबाई चुलीपाशी भिंतीला टेकून होती.

"मनू, ऐकलंस का? अमेरिकेत म्हणे एखाददुसऱ्या नर्सला आता डॉक्टर ही पदवी मिळू लागलीय."

"म्हंजे आपल्या गुप्ते डाक्तरांसारखी?"

"तशी नव्हे. औषधांची नव्हे, विद्येची. आधी कॉलेजची एक परीक्षा, मग त्यावरची दुसरी, मग वर्षानुवर्षं अभ्यास. शेवटी मोठा प्रबंध लिहायचा. आजवर कुणाला ठाऊक नव्हतं असं काही शोधून काढायचं, आणि पंडितांच्या सभेत उभं राहून ते खरं करून दाखवायचं."

मनुबाईनं चुलीतलं लाकूड आत सारलं. "आन् बाई, त्या पदवीला सोताची पोरं लागतात का वो?"

एस्थरबाई हसल्या. "पोरांचं कुणी विचारत नाही तिथं."

"मंग सोपं हाय त्यांचं," मनुबाई म्हणाली आणि चहा गाळायला उठली.

ती हे गमतीनं बोलली नव्हती. तिची सगळी अडचण तिथंच होती. त्या काळात बाळंत व्हायला इस्पितळात येतंय कोण? जीव कंठाशी आला की बायकांना गाडीत घालून आणायचे, आणि तेव्हा ते काम डॉक्टरांचं असे. साधी, सरळ बाळंतपणं घरोघर व्हायची. ती मिळवायला शिकाऊ बाईनं गावोगाव फिरायचं. मुरूडकडच्या वाड्यांत मनुबाईला कुणी ओळखत नव्हतं, तिथं तिला कामं मिळाली. शेतकऱ्यांच्या घरी, माळ्यांच्या वाडीत, खाडीकाठच्या खारवटीतल्या झोपड्यांत, ऊन डोक्यावर घेऊन ती गेली. पण तिच्या स्वतःच्या, दिघीच्या कोळीवाड्यात, जिथं घराघरात पोटुशी बाई होती, तिथं तिला बाळंतिणीच्या खोलीचा उंबरा बंद. वांझेचा हात लागला तर मूल फिरतं, अशी समजूत. तिला कुणी शिवी देत नसे. ती आली की दारावर पडदा पडे, एवढंच.

आणि दिघीच्या बाजूला एक पास झालेली सुईण-नर्स नेमायची, तिला धक्क्याजवळ राहायला खोली द्यायची, असं त्याच सुमारास सरकारात ठरलं. खोली मनुबाईनं पाहिली होती. दाराला आतून कडी होती. आपण लावायची, आपण काढायची कडी. त्या कडीसाठी ती चालत होती.

शिकण्याचं दीड वर्ष सरत आलं आणि चैत्र उजाडला. महिनाअखेरीला परीक्षा. विसातलं एक बाळंतपण उरलं होतं आणि ते मिळता मिळत नव्हतं. मनुबाई कपडे न्यायला म्हणून एका दिवसाकरता भावाकडं आली. दुपारी पडवीत खांबाला टेकली होती, तेवढ्यात शेजारचा मोरू धावत आला. त्याची बायको मैना आदल्या दिवसापासून अडली होती. वाड्यातल्या म्हाताऱ्या सुईणीनं, नीराबाईनं, हात टेकले होते.

"मनुबाय, चल गो. आयला इचारू नको. मी बोलावतो."

मोरूची आई काशीबाई दारातच उभी होती. केस मोकळे, गळा उघडा. मनुबाईला तिनं आडवा हात केला.

"ही आत न्हाय येनार."

"आये, मैना मरंल!"

"मरंल ती तुज्या बोलण्यानं मरंल. गप ऱ्हा."

 उंबऱ्याबाहेर उभी राहून मनुबाईनं आत पाहिलं. बाळंतीण अडली की घरातली प्रत्येक गाठ सोडायची, ही कोळीवाड्याची जुनी रीत. काशीबाईनं ती अगदी शेवटापर्यंत पाळली होती. पेटीचं कुलूप उघडं, मडक्यांची झाकणं काढलेली, घरातल्या सगळ्या बायांचे केस सुटलेले, गळ्यातले दोरे काढून खुंटीला लावलेले, कोपऱ्यातल्या जाळ्याचे फास मोकळे. नाटकाचा खेळ संपल्यावर रंगमंच दिसावा तसं ते घर दिसत होतं. आणि मधोमध मैना. आवाज संपलेली, ओठ पांढरे, उठत्या कळेबरोबर नुसती थरथरणारी.

मग मनुबाईला दिसलं. डोकं नव्हे, पाय नव्हेत. एक इवलासा हात बाहेर आला होता, निळा पडलेला.

काशीबाईनंही मनुबाईचा चेहरा पाहिला, आणि तिचा आडवा हात आपोआप खाली आला. तिचा ताठा एका क्षणात उतरला. "मने," ती म्हणाली, "तू शिकलीयस. ये. धर तो हात आन् ओढ. कायबी कर, पन ओढ."

ज्या उंबऱ्यानं मनुबाईला जन्मभर अडवलं, तो आज मोकळा झाला होता. आत पाऊल टाकलं की विसावं बाळंतपण. आणि ती काही दगड नव्हती. तिच्या मनात आलं ते आलंच. नीराबाईनं एकदा असंच ओढून काढलं होतं म्हणतात. निघालं तर? मूल लहान असलं, नशीब असलं, तर? एस्थरबाईंचा आवाज कानात वाजला: हात आधी आला तर ओढायचं नाही, बाई फाटते आणि मरते, डॉक्टरकडं न्यायचं, तुझं काम तिथं संपलं. तुझं काम तिथं संपलं. किती सोपं वाक्य.

मनुबाईनं दोन्ही हात पाठीमागं नेले आणि बोटांत बोटं घट्ट अडकवली, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते आणि सुटून जातील.

"मी हात न्हाय लावनार, काशीबाय. कुनी लावायचा न्हाय. मुरूडला न्यायची. मोरू, होडी काढ."

मोरू जागचा हलला नाही.

"होडी काढ म्हनते ना!"

"होडी न्हाय," तो म्हणाला.

वाड्यातल्या सगळ्या होड्या दर्यात गेल्या होत्या. बायकोसाठी मागं राहिलेल्या मोरूचीच एक तेवढी किनाऱ्याला होती. पण घरातल्या गाठी सोडून झाल्या, तरी मैना सुटेना, तेव्हा काशीबाईनं होडीचाही दोर सोडायला सांगितलं होतं. रीत अशी की दोर खुंट्यावरून सोडायचा आणि घरच्या पुरुषानं तो हातात धरून उभं राहायचं. बाळ रडलं की परत बांधायचा. मोरू दोर धरून उभा होता. आतून मैनेची किंकाळी आली, आणि तो दोर वाळूत टाकून धावला. ओहोटीनं होडी कधी नेली ते कुणाला कळलंच नाही. आता ती खाडीच्या तोंडाशी, नारळाच्या करवंटीएवढी दिसत होती.

काशीबाई मटकन खाली बसली. "मीच सांगितलं गो," एवढंच ती म्हणत राहिली.

"रडायचं ते मंग रड," मनुबाई म्हणाली. तिला रागवायचंही बळ नव्हतं. "मोरू, खडकावर जा. लुगडं बांध वल्ह्याला आन् हालव. आगरदांड्याला जानारी तर, उतारूंची होडी, आता धक्क्यावरनं सुटंल. हसनमियाँला दिसलं पायजे."

दार काढून त्यावर मैनेला घेतलं आणि बायकांनी ते धक्क्यावर नेलं. तरीवाल्या हसनमियाँनं लांबूनच ओळखलं आणि तर थांबवून धरली. तरीत बकऱ्या होत्या, नारळाची पोती होती, लग्नाला निघालेली चार माणसं होती. त्यानं सगळ्यांना एका बाजूला सारलं. "बकऱ्यांना धरा, पाहुणे," तो म्हणाला, "आज तुमचं वऱ्हाड हेच."

मैनेचं डोकं काशीबाईच्या मांडीवर होतं. मनुबाई पायाशी, हात पदरात गुंडाळून. तिनं काशीबाईकडून मैनेच्या कमरेखाली शिडाच्या कापडाची घडी सारून घेतली. कळ आली की म्हणायची, "जोर नको लावू, पोरी. तोंडानं वारा सोड. सोड." खाडीभर आणि पुढं बैलगाडीतून मुरूडपर्यंत ती तेच म्हणत राहिली. शेवटी शेवटी तिच्या तोंडातून नुसता वाराच येत होता, शब्द नव्हते.

गुप्ते डॉक्टरांनी मूल फिरवून काढलं. ते गेलेलं होतं. मैना वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनुबाई एस्थरबाईंच्या टेबलासमोर उभी राहिली. एस्थरबाईंनी टाक उचलला, शाईत बुडवला आणि तसाच परत ठेवला.

"तू तिला आणलं नसतंस तर आज दोन मढी उचलली असती. हे मला माहीत आहे, डॉक्टरांना माहीत आहे."

"व्हय, बाई."

"पण अट हाताची आहे, मनू. तू हात लावलास ते मोजतात. तू हात मागं घेतलास ते मोजायची सोय कुणी केलेली नाही." त्यांचा खणखणीत आवाज प्रथमच खाली आला. "मी सही करून टाकू का? कोण विचारायला येतंय?"

मनुबाई चौकटीला टेकली. "तोंडी परीक्षेत इचारतील, शेवटचं बाळंतपण कसं केलं म्हनून. मी काय सांगू? मला खोटं सांगायला बी ताकद न्हाय, बाई. खोट्याला लई ध्यानात ठेवावं लागतं."

त्या वर्षीची परीक्षा तिच्याशिवाय झाली. नियमाप्रमाणं सहा महिन्यांचं शिक्षण पुन्हा करायचं होतं, आणि पुढची परीक्षा वर्षानं. दिघीला जायला दुसरी कुणी तयार नव्हती, म्हणून खोलीला कुलूप राहिलं. मनुबाईनं पुन्हा लादी पुसायला घेतली. ती भावाकडं आली तेव्हा आवडाबाई म्हणाली, "पाहुण्यांचा मुक्काम वाढला," पण ह्या खेपेला ती म्हणता म्हणता तिनं ताटात एक तळलेला तुकडा जास्त घातला.

आणि मग कोळीवाड्यात एक विलक्षण गोष्ट पसरली. पसरवणारी काशीबाईच. "मनीला आपला हात ठावा हाय," ती विहिरीवर सांगायची. "म्हनून तिनं लावला न्हाय. लावला असता तर मैना गेली असती. शानी बाय! हात न लावता वाचवते." सांगताना तिचे डोळे भरून यायचे. ती मनापासून उपकार मानत होती, फक्त भलत्याच गोष्टीचे.

आवडाबाई भडकली. "जाऊन सांग तिला खरं काय ते!"

"ती ऐकनार हाय?" मनुबाई म्हणाली. "मंग कशाला तोंड दुखवू?"

पावसाळा सरल्यावर काशीबाई स्वतः आली. तिची लेक केसर माहेरी बाळंतपणाला आली होती. "मने, तू फक्त उंबऱ्याशी उभी ऱ्हा. हात न्हाय लावायचा हां. नुसती उभी ऱ्हा, म्हंजे बरं होतं."

मनुबाईनं पदर खोचला. "ऱ्हाते," ती म्हणाली. "पन आधी नीराबायचे हात साबनानं धुव. कोपरापतूर. आन् नाळ कापायचा इळा उकळत्या पान्यात टाक."

नाटकात विंगेत उभं राहून नटांना शब्द पुरवणारा एक माणूस असतो. प्रेक्षकांना तो दिसत नाही, टाळ्या त्याला मिळत नाहीत, पण तो एक रात्र आजारी पडला तर राजा सिंहासनावर मुका होतो. त्या हिवाळ्यात मुरूडहून येऊन-जाऊन मनुबाई कोळीवाड्याच्या घरोघर तशी उभी राहिली. पाणी उकळा, दार उघडा, पोट दाबू नका, नाळ आता कापा. हात नीराबाईचे, शब्द मनुबाईचे. केसरचं मूल रडलं, मग आणखी घरांतली मुलं रडली. प्रत्येक खेपेला काशीबाई अभिमानानं इकडंतिकडं बघायची: बघा, लावला न्हाय हात! आणि त्यातलं एकही एस्थरबाईंच्या सहीला चालणारं नव्हतं. शेवटची अट होती तिथंच होती. मुरूडकडच्या वाड्यांतही कुणी बोलावलं की ती पोचेपर्यंत मूल झालेलं असायचं, नाहीतर तिच्या बरोबरीच्या शिकाऊ बाईची पाळी असायची.

परत चैत्र आला. एका सकाळी मनुबाई दिघीहून निघून आगरदांड्याला उतरली. धक्क्याजवळ एक बैलगाडी उभी होती. बोर्ली पंचतनाकडची भातशेती करणारी एक बाई नणंदेच्या लग्नाहून परत चालली होती, तरीची वाट पाहता पाहता तिला कळा सुरू झालेल्या. नवरा बैलांच्या तोंडाशी उभा राहून बैलांनाच धीर देत होता.

मनुबाईनं पिशवी उघडली. चहाच्या टपरीवरून उकळतं पाणी मागवलं, हात धुतले, गाडीला लुगड्याचा आडोसा केला. हे बाळंतपण पिकलं फळ ओंजळीत पडावं इतकं सोपं झालं. मुलगी झाली, रडली, चिडली, आईला चिकटली. मनुबाई आपल्या ओल्या हातांकडं पाहत राहिली. एवढंच होतं तर. एवढ्यासाठी वर्ष गेलं होतं.

बाळंतीण पेंढ्यावर पडल्या पडल्या म्हणाली, "तुला किती पोरं गो, बाय?"

मनुबाईनं हात पुसले. खोट्याला लई ध्यानात ठेवावं लागतं. "एक पन न्हाय."

आणि ती सवयीनं वाट पाहू लागली. आता हिचा चेहरा बदलेल. आता ही पोर जवळ ओढून घेईल, नवऱ्याला हाक मारील.

बाईनं मोठी जांभई दिली. "बरं हाय," ती म्हणाली. "झोप तरी पुरती मिळत असंल."

मनुबाईला हसू आलं, आणि हसता हसता तिला थांबता येईना. नवरा घाबरून आडोशाशी आला. "काय झालं? काय झालं?"

"पोरगी झाली," मनुबाई डोळे पुसत म्हणाली. "जा, बैलांना सांग."

एस्थरबाईंनी सही केली. त्या वर्षी परीक्षकांनी काय काय विचारलं, ते मनुबाईला नंतर आठवत नसे. खुर्ची चांगली होती, एवढं ती सांगायची. ती पास झाली. दिघीच्या खोलीचं कुलूप उघडलं, आणि पहिल्याच संध्याकाळी कोळीवाड्यातल्या बायका खोली बघायला लोटल्या. काशीबाई सगळ्यांच्या पुढं.

"आता सरकारी झालीय, तरी आपली रीत मोडनार न्हाय ती," तिनं सगळ्यांना बजावलं. "उंबऱ्याशीच उभी ऱ्हानार. काय गो, मने?"

"न्हाय," मनुबाई म्हणाली. "आता आत येनार. हात लावनार."

 काशीबाईनं कमरेवर हात ठेवले. तिला अजून पुष्कळ बोलायचं होतं, आणि ते पुढची कित्येक वर्षं चालणार होतं, दारोदार, बाळंतपणागणिक, हे दोघींनाही दिसत होतं.

"काशीबाय," मनुबाई म्हणाली, "उद्या भांडू. आज मला झोपू दे." आणि तिनं दार लोटून आतून कडी घातली.